सामुदायिक रेडिओचं प्रक्षेपण क्षेत्र वाढवायचं आहे: २५० वॅट, उंच मास्ट की दुसरा ट्रान्समीटर?

प्रश्न: खोऱ्यातला आवाज

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागात आमच्या संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं. सध्याची मांडणी अशी: ५० वॅटचा ट्रान्समीटर, दोन डायपोलची उभी अँटेना (गेन, म्हणजे अँटेना सिग्नल एकवटून जो वाढवते तो, ३ डीबीडी), ८ मीटरच्या इमारतीवर १२ मीटरचा मास्ट, म्हणजे जमिनीपासून २० मीटर. ट्रान्समीटर तळमजल्यावर, तिथून वरपर्यंत ४५ मीटर आरजी-२१३ केबल. परवान्यात ईआरपी (केबलचा तोटा वजा करून आणि अँटेनाचा गेन धरून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती) १०० वॅट आहे.

मोबाइलवर साधारण ७ किलोमीटरपर्यंत नीट ऐकू येतं. त्यापुढे नदीकाठची काही गावं आणि डोंगरधारेच्या पलीकडची चार गावं केंद्र ऐकू यावं म्हणून सतत मागणी करताहेत. अर्ज नेमका कुठे करायचा? थेट २५० वॅट मागावेत का? की पलीकडच्या गावांसाठी छोटा दुसरा ट्रान्समीटर लावता येईल?

उत्तर: फीडरलाइन

अर्जाआधी एक हिशेब करा. तुमची खरी ईआरपी १०० वॅट नाहीच.

आरजी-२१३ केबल १०० मेगाहर्ट्झच्या आसपास दर १०० मीटरला साडेसहा डीबीच्या (डेसिबल; ३ डीबी म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी) घरात खाते. ४५ मीटरला जवळजवळ ३ डीबी, म्हणजे निम्मी शक्ती केबलमध्येच तापून जाते. अँटेनापर्यंत २५ वॅट पोचतात, ३ डीबीच्या गेनने ते दुप्पट होतात, म्हणून ईआरपी साधारण ५० वॅट. मंत्रालयाने तुम्हाला याच्या दुप्पट आधीच दिलंय.

ट्रान्समीटर गच्चीवरच्या खोलीत न्या आणि अर्धा इंची फोम केबल टाका. तिचा तोटा दर १०० मीटरला सव्वादोन डीबीच्या आसपास असतो. मास्ट वाढवूनही केबल ३५ मीटरच्या आत बसली तर तोटा पाऊण डीबी राहील आणि ईआरपी ८५ वॅटच्या आसपास येईल. हे १०० च्या आतच आहे, तरी केबलचा प्रकार आणि लांबी अर्जात लिहिलेली असेल तर बदल कळवून ठेवा.

आता उंची. मार्गदर्शक तत्त्वांनुसार अँटेना जमिनीपासून किमान १५ आणि जास्तीत जास्त ३० मीटर उंच असू शकते. इमारतीची उंची यातच मोजली जाते. लोक ३० मीटरचा मास्ट दुमजली इमारतीवर उभा करतात आणि तपासणीत अडकतात. तुम्हाला २० वरून ३० वर जाता येईल. तुमच्या अंतरावर आणि मोकळ्या भूभागावर उंची दीडपट झाली की सिग्नल साडेतीन डीबीने वाढतो. केबलचे सव्वादोन धरले तर एकूण पावणेसहा डीबी. या पट्ट्यात अंतर दुप्पट झालं की सिग्नल सुमारे १२ डीबी पडतो, त्यामुळे पावणेसहा डीबीने पल्ला साधारण १.४ पट होतो: ७ चे १० किलोमीटर, आणि क्षेत्रफळ जवळपास दुप्पट.

याउलट १०० चे २५० वॅट केले तर मिळतात फक्त ४ डीबी, म्हणजे अंतरात २५ टक्क्यांच्या आसपास वाढ. नदीकाठच्या गावांचं काम केबल आणि मास्टनेच व्हायला हवं. खर्चही तिथेच करावा, असं माझं ठाम मत आहे.

अजून दोन गोष्टी, याच महिन्यात करण्यासारख्या:

व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) अँटेनाच्या तोंडाशी मोजा. तळमजल्यावरचा आकडा फसवतो. केबलचा तोटा जास्त असेल तर परतणारी लहर वाटेतच विरते आणि खराब अँटेनासुद्धा खाली १.३ दाखवते. कोयनेकाठच्या पावसात कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, ते केबलच्या जाळीत चढतं आणि तोटा हळूहळू वाढत जातो. वर व्हीएसडब्ल्यूआर २ आला तर ११ टक्के शक्ती परत येते आणि बरेच ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतात.

दुसरं, प्रक्षेपण स्टिरिओत असेल तर मोनोवर या. गावाकडच्या सुरक्षित ग्रहणासाठी लागणाऱ्या क्षेत्रतीव्रतेचे (त्या जागी पोचणाऱ्या सिग्नलच्या ताकदीचे) आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे आकडे मोनोला ४८ आणि स्टिरिओला ५४ डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहेत. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमधली खरखर बऱ्याचदा एवढ्यानेच जाते. बोलक्या कार्यक्रमांना स्टिरिओचा उपयोगही नाही.

उत्तर: परवाना-वाट

फीडरलाइन यांच्याशी पूर्ण सहमत. पण परवान्यात जे आकडे आहेत त्यातला एकही लेखी दुरुस्तीशिवाय बदलू नका. मास्टची उंची, अँटेनाचा गेन, ट्रान्समीटरचा मेक आणि मॉडेल, जागेचे अक्षांश-रेखांश हे सगळं त्यात येतं. ईआरपी मर्यादेत असली तरी मास्ट ३० मीटरवर नेणं हा तांत्रिक बदलच आहे, कारण सॅक्फाची (मास्टची जागा आणि उंची तपासणारी दूरसंचार विभागाची समिती) मंजुरी त्या जागेला त्या उंचीपुरती असते.

क्रम असा ठेवा.

आधी माहिती व प्रसारण मंत्रालयाचा सामुदायिक रेडिओ कक्ष. अर्ज ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवरून. सोबत संस्थेचा ठराव, सल्लागार व आशय समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, मूळ परवानगी कराराची प्रत आणि जुन्या-नव्या तांत्रिक आकड्यांचा शेजारी शेजारी तक्ता. मग दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग शाखा आणि सॅक्फा, दोन्ही सरल संचार पोर्टलवर. मंत्रालयाचं पत्र हाती नसताना सॅक्फाचा अर्ज भरला तर तो तसाच पडून राहतो.

उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत झोनिंग नकाशा पाहा. कराडची धावपट्टी जवळ असेल तर हे टाळता येणार नाही. तिथे समुद्रसपाटीपासूनची कमाल उंची विचारतात. त्यात तडितरोधकाची कांबही धरा, नुसती अँटेना नको. अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस वापरतं ती मोजणीची पद्धत) प्रमाणे अंश, मिनिटं, सेकंद असे लिहा. मूळ अर्जात मोबाइलवरून घेतलेले अंदाजी आकडे असतील आणि आता अचूक दिले, तर तपासणाऱ्याला जागाच बदललीय असं वाटतं. फरक असेल तर पत्रात स्वतःहून खुलासा जोडा.

हमखास शंका निघते ती डीबीआय (सगळीकडे सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत गेन) आणि डीबीडी (साध्या डायपोलच्या तुलनेत) यांच्या घोळावरून. अँटेना विकणारा ५.१५ डीबीआय लिहितो, तेच ३ डीबीडी. ईआरपी डीबीडीवर मोजायची असते. डीबीआयचा आकडा सूत्रात घातला तर ईआरपी १.६४ पट फुगते. तुमच्या बाबतीत ८५ वॅटची १३९ होईल आणि अर्ज विनाकारण १०० वॅटच्या वरच्या रांगेत जाईल.

ती रांग वेगळी आहे. सामुदायिक केंद्राने ५ ते १० किलोमीटर व्यापावं आणि त्याला १०० वॅट ईआरपी पुरते, हे धोरणातलं गृहीतक. १०० ते २५० वॅट फक्त सिद्ध झालेल्या गरजेवर मिळतात: मोठं क्षेत्र किंवा तसा भूभाग. हा निर्णय मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो, शिवाय वारंवारता उपलब्ध असावी लागते. सामुदायिक केंद्रांना ९०.४, ९०.८, ९१.२ अशा मोजक्याच वारंवारता फिरून फिरून मिळतात. पुण्यात रेडिओ एफटीआयआय आणि म्हसवडला माणदेशी तरंग, दोन्ही ९०.४ वर आहेत. एकाच वारंवारतेवरच्या दोन केंद्रांच्या सिग्नलमध्ये मोनोसाठी साधारण ३६ आणि स्टिरिओसाठी ४५ डीबीचा फरक राखावा लागतो. तुम्ही शक्ती वाढवली की शेजारच्या केंद्राचा काठ खाल्ला जातो, म्हणून नकार येऊ शकतो किंवा वारंवारता बदलून मिळू शकते. श्रोत्यांना नवा आकडा शिकवायची तयारी आहे का, हे आधी समितीत ठरवा.

पुन्हा प्रश्न: खोऱ्यातला आवाज

दोघांचेही मनापासून आभार. केबलचा हिशेब लगेच पडताळतो. डोंगरापलीकडच्या चार गावांचं मात्र कोडं राहिलंच. आणि "सिद्ध झालेली गरज" कागदावर मांडायची कशी?

उत्तर: डोंगरधार

पलीकडच्या गावांना २५० वॅटनेही काही मिळणार नाही. दृष्टिरेषा डोंगराच्या कड्याला नुसती घासून गेली तरी ६ डीबी जातात. गाव पायथ्याला चिकटून असेल तर २० डीबी किंवा जास्त. शक्ती वाढवून मिळतात ४. एसआरटीएमचा (अवकाशातून केलेल्या मोजणीचा) जमिनीच्या उंचीचा डेटा घेऊन रेडिओ मोबाइल किंवा स्प्लॅट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केंद्रापासून प्रत्येक गावापर्यंतच्या भूभागाचा उभा छेद काढा, दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

दुसरा ट्रान्समीटर किंवा बूस्टर त्याच परवान्यावर चालत नाही. परवानगी एका जागेच्या एका ट्रान्समीटरला असते. धारेवर गुपचूप ५ वॅटचा रिपीटर लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सगळी परवानगीच धोक्यात येईल. २०२४ च्या सुधारित तत्त्वांत एका संस्थेला सहापर्यंत केंद्रं मिळू शकतात, पण ती वेगवेगळ्या जिल्ह्यांत. धारेपलीकडे तिथल्या एखाद्या पात्र संस्थेने स्वतंत्र अर्ज केला तर तो सरळ मार्ग आहे. तोवर त्या गावांना कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर पाठवा, ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावर ऐकवता येतं.

पुराव्याबद्दल. पत्रात "ग्रामस्थांची मागणी" एवढं लिहून भागत नाही. मूळ अर्जात नाव असलेल्या प्रत्येक गावाची एक ओळ करा: अंतर, दिशा, जनगणनेतली लोकसंख्या, मोजलेली क्षेत्रतीव्रता, ऐकू येण्याचा दर्जा. मोजणी कॅलिब्रेट केलेल्या मीटरने, प्रत्येक गावात तीन-चार ठिकाणी. आंतरराष्ट्रीय आकडे १० मीटर उंचीच्या अँटेनासाठी आहेत. माणूस हातात मोबाइल धरतो दीड मीटरवर, तिथे १० डीबीच्या आसपास कमी मिळतं, म्हणून मोजणीची उंची नोंदवाच. मूळ यादीतलीच गावं आत्ता सुटत असतील तर तुमची बाजू सर्वात भक्कम. यादीबाहेरची गावं हवी असतील तर तो समुदायाच्या क्षेत्राचा विस्तार आहे, तो वेगळा मुद्दा म्हणून मांडा, एकाच परिच्छेदात कोंबू नका.

आणि ही मोजणी नवी केबल टाकल्यानंतरची द्या. ५० वॅट ईआरपीवरची मोजणी जोडली तर पहिलाच प्रश्न येईल की मंजूर १०० का वापरत नाही.

उत्तर: मास्टवाला

मास्टबद्दल थोडं. १२ मीटरच्या जुन्या मास्टवर १० मीटरचा तुकडा चढवू नका. इमारतीच्या कॉलमवर येणारा भार बदलतो. स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे वाऱ्याचा हिशेब करून घ्या (पुण्यासाठी मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे, उघड्या डोंगरमाथ्यावर तो वाढवून धरतात). त्याचं प्रमाणपत्र आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला फाइलला लागतोच.

अँटेना मास्टच्या एका बाजूला बसते, त्यामुळे मास्टच्या मागच्या दिशेला सिग्नल कमी जातो. नव्याने बसवताना डायपोल नदीकाठच्या गावांच्या बाजूला ठेवा, डोंगराची बाजू मागे जाऊ द्या. ताणाच्या तारा अँटेनाजवळून जात असतील तर त्यांत इन्सुलेटर घालून तुकडे पाडा, नाहीतर अख्खी तार लहर ओढते. कनेक्टरवर आधी आपोआप चिकटणारी रबर टेप, वर पीव्हीसी टेप, आणि केबल आत शिरण्यापूर्वी खाली एक झोल, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. केबलची जाळी वर, मास्टच्या पायाशी आणि खोलीत शिरताना अशा तीन ठिकाणी अर्थिंग करा. वळवाच्या विजांत ट्रान्समीटरची आउटपुट स्टेज जाते ती बहुतेक यातलं एखादं सुटल्यामुळे. काम मेअखेर उरकेल असं धरून मंजुरीचा अर्ज आत्ताच घाला, पावसाळ्यात मास्टवर माणूस चढवता येत नाही.