रात्रभर प्राइम९५ : खात्री की नुसता हट्ट?

मल्टिप्लायर
प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवला, की तो स्थिर आहे का हे पाहायला पहिला सल्ला ठरलेला: प्राइम९५ हा जड गणितं करून घेणारा प्रोग्रॅम लाव, त्यातली 'स्मॉल एफएफटी' ही चाचणी निवड आणि सकाळपर्यंत हात लावू नकोस. माझ्या मते हा सल्ला आता निवृत्त करावा.

या चाचणीचं सगळं गणित कॅशमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीतच, बसतं. रॅमची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे एव्हीएक्सला, म्हणजे एका दमात अनेक आकड्यांचं गणित करणाऱ्या सूचनासंचाला, क्षणाची उसंत मिळत नाही. घरच्या वापरात असा भार तासन्‌तास कधी येतो? तरीही तेवढ्या चाचणीसाठी आपण व्होल्टेज चढवतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, १.२५चे १.३५ व्होल्ट केले की त्याच वेगाला साधारण १७ टक्के जास्त. मग तापमानाची मर्यादा गाठून प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो, म्हणजे जो वेग तपासायला बसलो तोच उरत नाही!

आठवडाभर नेहमीची कामं करा, गेम खेळा. मशीन पडलं नाही तर ते स्थिर. संपला विषय.

शेषांक
'मशीन पडलं नाही' ही व्याख्याच कच्ची आहे. पडणारं मशीन परवडलं, निदान कळतं तरी. चुकीचं उत्तर काढून मुकाट पुढे जाणारं जास्त घातक.

प्राइम९५ हे मर्सेन अविभाज्य संख्या (२च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या) शोधण्यासाठी १९९६ साली सुरू झालेल्या प्रकल्पाचं सॉफ्टवेअर. लांबलचक गणितात एक बिट उलटला तरी सगळी मेहनत पाण्यात, म्हणून उलटतपासणी त्यात मुळापासून आहे. प्रचंड संख्यांचा गुणाकार फ्लोटिंग पॉइंटमध्ये होतो, पण प्रत्येक आकडा पूर्णांकाच्या अगदी जवळ यावा लागतो. तो दोन पूर्णांकांच्या मधोमध आला की 'राउंडिंग ०.५, अपेक्षा ०.४ पेक्षा कमी' असं सांगून तो वर्कर, म्हणजे चाचणीचा तेवढा धागा, थांबतो. विंडोज तेव्हा मजेत चालू असतं. तुमच्या ब्राउझरमध्ये हा पहारा कोण करतं?

आणि हो, २०१६च्या जानेवारीत इंटेलने मान्य केलं की त्यांच्या स्कायलेक पिढीचे प्रोसेसर ठरावीक जड गणितात गोठू शकतात. ते प्राइम९५ चालवणाऱ्यांनीच पकडलं होतं, तेही ओव्हरक्लॉक न करता.

मल्टिप्लायर
स्कायलेकचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. तो दोष चिपमध्येच होता, बायोस अपडेटने मिटला. ओव्हरक्लॉकची स्थिरता त्यातून काय सिद्ध झाली? अविभाज्य संख्या शोधणाऱ्याने जरूर रात्र जागवावी. मला फ्रेम्स हव्यात.

शेषांक
गेमवर एवढा भरवसा असेल तर २०२४ आठवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही प्रोसेसर अस्थिर झाले, तेव्हा गेम सुरू होताना संदेश येत होता 'व्हिडिओ मेमरी अपुरी'. दोष प्रोसेसरचा, नाव ग्राफिक्स कार्डचं. गेम चाचणी म्हणून वाईट ती याचसाठी. नेमकं काय बिघडलं ते सांगतच नाही, माणूस ड्रायव्हर काढत-घालत बसतो.

कोअर_शून्य
दोघेही जुन्या जमान्यात भांडताय. सगळे कोअर एकाच मल्टिप्लायरला, म्हणजे वेग ठरवणाऱ्या एकाच गुणकाला, बांधायचे दिवस गेले. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर लोक कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगमध्ये उणे आकडे टाकतात, म्हणजे तोच वेग कमी व्होल्टेजवर. अशा मशीनवर प्राइम९५ सगळ्या कोअरवर रात्रभर आरामात चालतं, आणि सकाळी नुसता ब्राउझर उघडला की रीस्टार्ट!

कारण साधं आहे. सगळ्या कोअरवर भार असला की वेग खाली येतो. एकच कोअर क्षणभर जागा झाला की तो कमाल बूस्टला उडी मारतो, आणि कात्री लावलेलं व्होल्टेज तिथे अपुरं पडतं. म्हणजे धोका जड भारात नाही, हलक्या भारात. त्यासाठी कोअरसायकलर हा प्रोग्रॅम: एकेका कोअरवर आळीपाळीने भार टाकतं, नापास झालेल्या कोअरचा क्रमांक देतं. जोडीला विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी पाहा. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे हार्डवेअरची चूक झाली पण सुधारली गेली. मशीन पडलेलं नसतं, तरी लक्षण चांगलं नाही.

रॅमभाऊ
प्रोसेसरवर एवढं महाभारत, आणि रॅमला एक्सएमपी लावून सगळे मोकळे! एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगावर नेणारी तयार सेटिंग, हेही ओव्हरक्लॉकच आहे हो.

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवा, ते बरंच. पण तेव्हा ग्राफिक्स कार्ड थंड असतं. गेममध्ये त्याची गरम हवा थेट रॅमच्या पट्ट्यांवर येते. त्यात वेगासाठी कुणी टीरेफी वाढवून ठेवलं असेल, म्हणजे दोन रिफ्रेशमधलं (रॅममधला विद्युतभार पुन्हा भरण्यामधलं) अंतर लांबवलं असेल, तर रॅमच्या तापलेल्या पेशींतला विद्युतभार तोवर टिकत नाही. म्हणून रॅमची चाचणी ग्राफिक्सचा भार सोबत चालू ठेवून घ्यावी. फाइली खराब होण्याची भीती खरी इथे आहे, शेषांक. कॉपी होणारा प्रत्येक बाइट रॅममधून जातो.

मल्टिप्लायर
रॅमचं मान्य, तिथे मी तडजोड करत नाही. कोअर_शून्य यांनी तर माझंच म्हणणं मांडलं: रात्रभराची चाचणी नको तिथे शोधते.

शेषांक
सोयीचं तेवढंच वाचलंत. कोअरसायकलर आतून प्राइम९५च चालवतं. बदललाय तो भार टाकायचा प्रकार, चूक पकडणारं गणित तेच आहे.

वाचनमात्र
एक शंका. प्राइम९५मध्ये एव्हीएक्स बंद करून चाचणी घेतली तर ती ग्राह्य धरायची, की पळवाट?

शेषांक
पळवाट. व्हिडिओ एन्कोडर एव्हीएक्स वापरतात, काही गेमही. जे सूचनासंच रोज वापरात आहेत ते वगळून कसं चालेल?

कोअर_शून्य
उलट, मी दोन्ही घेईन. एव्हीएक्स बंद असलं की भार हलका होतो, म्हणून कोअर जास्त वर चढतो. कर्व्ह ऑप्टिमायझरवाल्यांसाठी तीच चाचणी अवघड. एव्हीएक्सवाली कूलरसाठी ठेवा.

मल्टिप्लायर
पण सकाळपर्यंत नाही!