मुळशीतल्या झाडीच्या, उताराच्या जागेसाठी जुना छोटा ट्रॅक्टर बघतोय – सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या अलीकडे आमची पाचेक एकर वडिलोपार्जित जागा आहे. खालच्या अंगाला भाताची खाचरं, बाकी सगळा वरकस उतार. उतारावर ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ अशी जुनी झाडं आणि मधल्या मोकळ्या जागेत घाणेरी, रानमोडी, कारवी माजलेली. मी राहायला कोथरूडला, शनिवार-रविवार तिकडे असतो. ही झाडी मला तोडायची नाही, राखायची आहे. ट्रॅक्टर हवाय तो त्यासाठीच.

तिकडे पावसाळा सरला की गवत कमरेला लागतं आणि फेब्रुवारीपासून वणव्याची धास्ती सुरू होते. गवत पुरतं वाळायच्या आत हद्दीने जाळपट्टा (आग अडवायला गवत काढलेला मोकळा पट्टा) काढून व्हायला हवा. आत्तापर्यंत मजूर आणि पाठीवरचा ब्रश कटर यांवर निभावलं. पण ऐन भातकापणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, आणि ते मोकळे होईपर्यंत गवत वाळून खडखडीत झालेलं असतं. वणवा एकदा आत शिरला की दोन-तीन पावसाळे जगवलेली रोपं एका दुपारी जातात, मोठ्या झाडांचीही बुंध्याशी साल भाजते. वरून हिरवं दिसणारं झाड मग पुढे कधीतरी वादळात पडतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि पुन्हा बघायची इच्छा नाही.

ट्रॅक्टरला मुख्य काम स्लॅशरचं, म्हणजे मागे लावलेल्या फिरत्या पात्याने गवत-झुडपं कापायचं. त्याशिवाय वादळात पडलेलं लाकूड ओढून खाली आणायचं, उन्हाळ्यात रोपांना पाचशे लिटरच्या टाकीने पाणी द्यायचं आणि पावसाने ओघळ पाडलेला रस्ता फळीने सारखा करायचा. चिखलणी करायची नाही, ती गावातला भाड्याचा पॉवर टिलर करतो.

अडचणी दोन. झाडांमधली वाट काही ठिकाणी जेमतेम पाच फूट आहे, म्हणजे मोठा ट्रॅक्टर बाद. दुसरं म्हणजे चढ. तांबडी माती पावसात अशी निसरडी होते की चालतानाही पाय जपून टाकावा लागतो.

माझा विचार आत्तापर्यंत असा झालाय. १५ एचपीचे टू व्हील (इंजिनचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना), म्हणजे स्वराज ७१७ किंवा महिंद्रा युवराज २१५, जुन्या बाजारात स्वस्त मिळतात आणि त्यांचे पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. सपाट बागेला ते उत्तमच असतील, पण आमच्या उताराला टू व्हील घ्यायला मन धजत नाही. चढाचं एक वेळ सोडा, उताराला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि ती घसरली की धरायला काहीच उरत नाही. फोर व्हील टाकलेला असेल तर इंजिनचा आवर चारही चाकांवर येतो. म्हणून २४ ते २८ एचपीच्या फोर व्हीलकडे वळलोय: महिंद्रा जिवो २४५, कुबोटा बी २४४१ किंवा बी २७४१, व्हीएसटी २७० चा फोर व्हील, जॉन डिअर ३०२८. बजेट साडेतीन लाख, स्लॅशर त्याव्यतिरिक्त.

बघून आलोय ते दोन. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रश्न वापराचा आहे.) पहिला नारायणगावकडचा, द्राक्षबागेत ब्लोअरवर (औषध फवारायच्या पंख्यावर) चाललेला. मीटरवर इंजिन चाललेले तास बरेच दिसतात, पण टायर चांगले आहेत. मडगार्ड आणि बोल्ट मात्र गंजलेत. दुसरा भोरच्या बाजूचा, तास निम्मे, रंग नवा, पण भाताच्या चिखलणीत राबलेला. किमतीत फारसा फरक नाही. कमी तासांचा घ्यावा असं घरचे म्हणतात. तुम्ही काय बघून ठरवाल? आणि झाडीत, उतारावर चालवणाऱ्यांचा अनुभव असेल तर तो अगदी सविस्तर हवाय.

प्रतिसाद १

दादा, मी जुन्नर तालुक्यातला द्राक्षवाला, म्हणून आधी बागेतल्या ट्रॅक्टरबद्दल सांगतो. बागेतला ट्रॅक्टर तास भरपूर करतो, पण ओढकाम कमी करतो. फवारणीच्या हंगामात रोज पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर) ब्लोअर. त्यामुळे गिअर, टायर शाबूत राहतात. झीज होते ती पीटीओ शाफ्टची आणि क्लचची. शाफ्टचे दाते बोट फिरवून बघा, कडा धारदार झाल्या असतील तर खर्च धरून ठेवा. गंज आमच्या फवारणीतल्या गंधकाचा आणि बोर्डो मिश्रणाचा असतो. मडगार्डवर असला तर सोडून द्या, पण वायरिंगच्या जोडण्या आणि रेडिएटरच्या जाळ्या नीट तपासा. रेडिएटर आतून खाल्लेला असला तर तुमच्या चढावर तासाभरात तापेल.

मालकाला फोन करून सांगा की मी यायच्या आधी चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. गरम लागलं तर परत कधीतरी जा. गार इंजिन कसं उचलतं आणि धूर कसला येतो, यात निम्मं कळतं. सुरुवातीचा पांढरा धूर गरम झाल्यावर जायला हवा, निळा टिकला तर ऑईल जळतंय. चालू इंजिनवर ऑईल भरायचं झाकण सैल करा, आतून भपाभपा वाफ बाहेर ढकलली जात असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. मग लिफ्टवर वजनदार अवजार उचलून इंजिन बंद करा. बघता बघता खाली बसलं तर लिफ्टचं काम निघणार.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, तुम्ही आरटीओला कळवायची मुदत ३० दिवस आहे. शासकीय अनुदानावर घेतलेला होता का तेही विचारा, त्याला विक्रीच्या अटी असतात.

प्रतिसाद २

मी वेल्ह्याकडचा, आमचीही जमीन उताराचीच. भोरच्या ट्रॅक्टरचे तास कमी आहेत म्हणून भुलू नका. चिखलणीत पुढचा एक्सल चिखलात बुडालेला असतो. ऑईल सील गेलं की पाणी आत शिरतं आणि फोर व्हीलचे गिअर आतल्या आत खराब होतात, बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या एक्सलचा ड्रेन बोल्ट सैल करून थोडं ऑईल काढा. दुधाळ निघालं तर तिथूनच परत फिरा. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, किंगपिनचा (चाक वळतं त्या खिळीचा) ढिलेपणा कळतो. चढावर फोर व्हील टाकून चालवून बघा, लिव्हर आपोआप निसटते का. नवा रंग दिला असेल तर मी दुप्पट तपासतो.

आता तुमच्या कामाबद्दल, कारण ट्रॅक्टर चांगला मिळूनही माणूस जायबंदी होतो. लाकूड ओढताना साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारला (मागच्या ओढायच्या दांड्याला). वरच्या टॉपलिंकला किंवा सीटखाली कुठेही बांधली आणि ओंडका बुंध्याला अडकला, तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. विचार करायलाही वेळ मिळत नाही. पाण्याची टाकी लिफ्टवर घेऊ नका. २४ एचपीच्या ट्रॅक्टरची लिफ्ट ७५० किलो उचलते असं सांगतील, पण तो आकडा सपाटीवर उभ्या ट्रॅक्टरचा. चढाला पाचशे लिटर मागे लटकलं की पुढचं टोक हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. छोट्या ट्रॉलीवर टाकी ठेवा, पुढे वजनं लावा. उतार आडवा कापू नका, सरळ वर, सरळ खाली. उतरताना गिअर आधीच खालचा टाका, मध्ये क्लच दाबू नका. दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडलेली ठेवा, सुटी असली तर एकच चाक धरलं जातं आणि ट्रॅक्टर गिरकी घेतो.

स्लॅशरबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. सिंगल क्लचच्या (चाकं आणि पीटीओ यांना एकच क्लच असलेल्या) ट्रॅक्टरला जड पात्याचा स्लॅशर लावला की क्लच दाबल्यावरही पातं आपल्या वेगाने फिरत राहतं आणि पीटीओमधून ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. झाडासमोर किंवा कड्याच्या टोकाला हे झालं तर काय होईल ते बघा. त्यासाठी पीटीओवर ओव्हररनिंग कपलर बसवायचा, म्हणजे पात्याचा जोर उलटा ट्रॅक्टरकडे येत नाही. आणि डोक्यावर मजबूत रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर माणूस वाचवणारी कमान) करून घ्या, सीटच्या पट्ट्यासकट. फांद्यांना अडतो म्हणून लोक काढून ठेवतात, तसं करू नका.

आणखी एक. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा, १९६४ च्या यादीत आहेत. मालकीच्या जागेतलंही उभं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. पडलेलं लाकूड जागेबाहेर न्यायचं असेल तर आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तासांवरून ठरवायचं नाही हे पटलं. भोरच्या मालकांना पुढच्या एक्सलचं ऑईल बघू द्याल का म्हणून फोन केला, ते नको म्हणाले. त्यामुळे तो विषय माझ्यापुरता संपला. नारायणगावला येत्या रविवारी पहाटे निघतोय, इंजिन गार ठेवायला सांगितलंय आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत आहे. टाकी लिफ्टवर घ्यायचा बेत होता, तो सोडला, छोटी ट्रॉली बघतो.

परवानगीचं आठवण करून दिलंत ते बरं झालं. उभ्या झाडाला हात लावायचाच नाही, पण पडलेल्या लाकडाचंही विचारून घेतो.

दोन गोष्टी अजून हव्यात. २४ एचपीला चार फुटी स्लॅशर घाणेरीच्या जुन्या, अंगठ्याएवढ्या जाड खोडांवर चालतो का, की तिथे आधी कोयत्याने मोकळं करून घ्यावं लागतं? आणि ओव्हररनिंग कपलर पुण्यात कुणी विकत घेतलाय का? मार्केट यार्डाच्या बाजूला अवजारांची दुकानं आहेत तिथे मिळत असेल तर रविवारच्या आधीच चक्कर मारतो.