अनुभव धागा: परक्या घरातले शाळेचे वर्ष

माझी भाची येत्या ऑगस्टमध्ये अकरावीचे वर्ष अमेरिकेत काढायला निघाली आहे. इंदिरानगरच्या तिच्या घरी सध्या व्हिसा, लसी आणि बॅगेचे वजन याखेरीज दुसरा विषय नाही, आणि मला तिला जे सांगायचे आहे ते या तिन्हीत कुठेच बसत नाही. मी स्वतः २००९-१० साली विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावात अशाच कार्यक्रमातून दहा महिने राहिले होते. त्या वर्षाचे फोटो लोक अजूनही मागून पाहतात. परंतु डबा कोण भरायचे, कपडे कुठे धुवायचे, रडू आले तर कोणत्या खोलीत जायचे, हे कोणी विचारत नाही. म्हणून नाशिकहून असे जाऊन आलेल्यांना, आणि परदेशी मुलांना आपल्या घरी ठेवून घेतलेल्यांनाही, माझी विनंती आहे की त्यांनी रोजचे दिवस लिहावेत.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. साधारण पंधरा ते अठरा वर्षांची मुले एक शालेय वर्ष दुसऱ्या देशातल्या कुटुंबात राहून तिथल्या शाळेत जातात. एएफएस ही यातली जुनी संस्था आहे. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांतून ती उभी राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच मंडळींनी शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. रोटरीचा कार्यक्रम आपल्याकडे अधिक परिचयाचा आहे.

अमेरिकेत अशा मुलांना ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा मोबदला मिळत नाही. हे मला तिथे पोहोचल्यावर कळले आणि मी मनाशी ठरवून टाकले की या लोकांवर आपला भार पडू द्यायचा नाही. मी एकच पोळीइतके जेवायचे, फ्रीजला हात लावायचे नाही, शाळेतून आले की खोलीत बसायचे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या होस्ट मदरने मला स्वयंपाकघरात बसवले आणि अगदी पडलेल्या चेहऱ्याने विचारले, की आम्ही तुला आवडत नाही का? आपण ज्याला भिडस्तपणा म्हणून चांगले समजतो, तो त्यांना दुरावा वाटला होता. त्या दिवसापासून डिशवॉशर रिकामा करणे आणि बुधवारी रात्री कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवणे ही माझी कामे ठरली. जानेवारीत गुडघाभर बर्फातून तो डबा ओढताना हात बधिर व्हायचे, पण मी त्या घरची आहे हे मला खरे वाटले ते त्या डब्यामुळेच.

नाशिक रोड, जर्मनी, २०१४-१५

माझे वर्ष उत्तर जर्मनीत गेले. तिथे गुण १ ते ६ असे देतात आणि १ हा सर्वांत चांगला. गणितात मला १ मिळाल्याचे मी फोनवर सांगितले तेव्हा वडील बराच वेळ काही बोललेच नाहीत. पण ज्याने मला खरोखर हलवले ते वेगळेच होते. लेखी परीक्षेत उत्तम गुण असूनही इतिहासाच्या बाईंनी मला ४ दिला, कारण वर्गात तोंड उघडून चर्चेत भाग घेणे हा तिथे गुणांचा मोठा हिस्सा असतो, आणि मी दहावीपर्यंत शिकलो होतो ते विचारल्याशिवाय न बोलणे. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की चुकीचे बोललास तरी चालेल, गप्प राहिलेले चालणार नाही. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये पहिल्यांदा हात वर केला तेव्हा माझे कान तापले होते. वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद मी विसरलो, आणि शेजारच्या मुलाने ते हळूच पुरवले.

संध्याकाळचे जेवण गार असते: पाव, लोणी, चीज, काकडी. पहिले दोन महिने मला रोज रात्री गरम वरणभाताची आठवण यायची. रविवारी दुकाने बंद असतात आणि आवाज करायचा नसतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात परत दिल्या की बाटलीमागे २५ सेंट मिळतात. ते साठवून मी आजीसाठी लोकरीची शाल घेतली. माझा फोन नाशिकला रात्री नऊला यायचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास मागे गेली, साडेतीन तासांचे अंतर साडेचार झाले, आणि हे मी घरी सांगायला विसरलो. आजी त्या रात्री तासभर फोनजवळ बसून होती. जो कोणी युरोपात जात असेल त्याने ही तारीख, आणि अमेरिकेत जात असेल त्याने नोव्हेंबरचा पहिला रविवार, घरच्या कॅलेंडरवर आधी लिहून ठेवावा.

देवळाली कॅम्प, जपान

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार आहे, आणि जपानमध्ये ‘भाज्यांचे सूप’ म्हणून जे समोर येते त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचे पाणी असते. त्याला ते लोक दाशी म्हणतात. मला हे सहाव्या दिवशी समजले. मी रडले, आणि माझ्या होस्ट आईला वाटले की सूप बिघडले. मग त्या माऊलीने केवळ समुद्री शेवाळाची दाशी माझ्यासाठी वेगळी करायला सुरुवात केली आणि फ्रीजमधल्या त्या बरणीवर माझ्या नावाची चिठ्ठी लावली. ती चिठ्ठी मी परत येताना काढून आणली, ती आजही माझ्या कपाटात आहे.

शाळेत शिरताना बाहेरचे बूट काढून आतले बूट घालायचे, आणि दुपारी सर्व मुलांनी मिळून वर्ग, जिना, अगदी स्वच्छतागृहसुद्धा साफ करायचे, हे मला मनापासून आवडले. जड गेली ती आंघोळ. टबाबाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे आणि मग गरम पाण्यात बसायचे. तेच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात. पाहुणी म्हणून त्यांनी मला पहिला मान दिला होता. वसंतात एके दिवशी होस्ट आई म्हणाली की आज आधी आजोबा जातील, तू त्यांच्यानंतर. माझा क्रम मागे गेला होता, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी त्या रात्री आईला मुद्दाम पत्र लिहिले.

गंगापूर रोड, आमच्या घरी राहिलेली मुलगी

मी उलट बाजूने लिहितो. रोटरीमार्फत बेल्जियमची एक सोळा वर्षांची मुलगी आमच्याकडे चार महिने होती. त्या कार्यक्रमात मूल वर्षभरात एकाहून अधिक कुटुंबांत राहते. ती खोलीचे दार लावून बसायची. आमच्याकडे दिवसा दार लावले म्हणजे माणूस आजारी तरी आहे किंवा रुसला तरी आहे, त्यामुळे माझी आई दर अर्ध्या तासाने दार ढकलून आत डोकवायची आणि मुलगी अधिकच आक्रसायची. शेवटी आम्ही एकत्र बसून ठरवले की आईने दारावर टकटक करायची, आणि मुलीने संध्याकाळी सात ते नऊ दार उघडे ठेवायचे. एवढ्या साध्या कराराला आम्हाला महिना लागला, याचे मला आजही वाईट वाटते.

पाण्याच्या प्रत्येक पेल्याला ती ‘थँक्यू’ म्हणायची आणि आई म्हणायची, “घरात कशाला ते?” गरम पोळीवर चॉकलेटची पेस्ट लावून तिची गुंडाळी करून ती नाश्ता करायची, आमची नात आता तेच खाते. रंगपंचमीला तिला शनी चौकातली रहाड दाखवायला नेले. दगडी हौदात मुले धप्पा मारत होती, रंगाचे पाणी कठड्यापलीकडे उसळत होते, आणि ही आधी माझ्यामागे लपली आणि मग माझा हात सोडून पुढे गेली. पुढच्या घरी जाताना तिने आईला ‘थँक्यू’ म्हटले नाही, नुसती पाया पडली. शिकवलेले नव्हते कोणी.

पंचवटी; अमेरिका

सगळ्यांचेच पहिले घर चांगले निघते असे नाही, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते. माझ्या पहिल्या घरी मला रोज शाळेनंतर दोन लहान मुले सांभाळावी लागत. खेळाच्या संघात नाव घातले तर ते काढायला लावले. मी अडीच महिने कोणाला बोलले नाही. आईला सांगितले तर ती रात्रभर जागेल, आणि तक्रार केली तर मला परत पाठवतील, अशी दुहेरी भीती होती. प्रत्येक मुलामागे एक स्थानिक समन्वयक नेमलेला असतो आणि तो दर महिन्याला मुलाशी बोलतो. मी दोन्ही वेळा त्यांना “सगळे छान आहे” असे उत्तर दिले. तिसऱ्या वेळी बोलले आणि घर बदलून मिळाले. दुसरे घर एका निवृत्त जोडप्याचे होते. त्यांच्याशी मी अजूनही दर रविवारी बोलते. तुमच्या भाचीला एवढे नक्की सांगा: घर बदलणे म्हणजे नापास होणे नव्हे, आणि ते पहिल्यांदा समन्वयकाला सांगायचे, नाशिकला नंतर.

सिडको, एका आईकडून

मुलगा गेला तेव्हा मी रोज व्हिडिओ कॉल करायची. त्याच्या होस्ट कुटुंबाने नम्रपणे कळवले की जेवणाच्या टेबलावर तो सतत फोनमध्ये असतो. मला राग आला होता. नंतर मी रविवारचा एकच फोन ठेवला, आणि त्याचे बोलणे लांबले. परत आल्यावर त्याला अकरावी पुन्हा करावी लागली. सोबतचे मित्र बारावीला आणि सीईटीच्या क्लासला होते, तेव्हा ते वर्ष एकटे गेले. जाण्याआधी आपल्या कॉलेजशी याविषयी लेखी बोलून घ्यावे.

धागा सुरू करणारीकडून

सर्वांचे मनापासून आभार. भाचीने सगळे वाचले आणि तिचा एकच प्रश्न आहे, की पोळ्या शिकून जाऊ का? माझे उत्तर असे: लाटणे ने, पोळपाट नको, ओट्यावर लाटता येते. तिथले साधे पीठ म्हणजे जवळजवळ आपला मैदा, आणि गव्हाचे म्हणून मिळते ते जाडसर असते, त्याची पोळी कडेला फाटते. दोन्ही निम्मे निम्मे घे, पाणी गरम वापर, आणि कणीक अर्धा तास झाकून ठेव. पहिली पोळी होस्ट मदरला लाटायला दे. गोल आली नाही तरी ती तव्यावर टाक.