मदत हवी आहे: बाबांना ॲब्लेशन सांगितलंय, हो म्हणू का?

कोठीकर
बाबा ६१ वर्षांचे. नाडी १५० वर अडकून बसलीये, झोपेतही उतरत नाही. इथे बडोद्यात ईसीजी बघून 'एट्रियल फ्लटर' (हृदयाचे वरचे कप्पे फार जलद धडधडतात) म्हणाले, अहमदाबादला ॲब्लेशन करून घ्या म्हणतात. सोमवारपर्यंत कळवायचंय. धोका किती? कृपया लवकर सांगा.

विश्वामित्री
आधी हृदयाचं काही झालंय का? औषधं कोणती? एवढं तरी लिहा.

मांडवीकर
माझ्या सासऱ्यांची धडधड नाक-तोंड दाबून जोर केला, तोंडावर गार पाणी मारलं की थांबायची. आधी ते करून बघा.

चिऊताई
माझं झालंय. मांडीच्या शिरेतून तार आत नेतात आणि विजेचा प्रवाह जिथून गोल फिरतो ती वाट जाळून बंद करतात. दुसऱ्या दिवशी घरी आले. बिनधास्त हो म्हणा.

कोठीकर
बीपीची गोळी, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट. परवापासून धडधडीसाठी डिल्टियाझेम.

निवृत्त सिस्टर
टॅक्रोलिमस कशासाठी? ते तर बदललेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात. किडनी बदललीये?

कोठीकर
नाही हो, हृदय. पाच वर्षं झाली. घरात रोजचाच विषय, लिहायचं सुचलंच नाही.

निवृत्त सिस्टर
अहो, मुख्य गोष्ट हीच! सोमवारची वाट बघू नका. जिथे प्रत्यारोपण झालं त्यांना आत्ता फोन करा. बदललेल्या हृदयात नव्याने फ्लटर आला की पहिला प्रश्न ॲब्लेशनचा नसतो, शरीर ते हृदय नाकारतंय का हा असतो. त्यासाठी इको, बहुधा बायोप्सीही करतील. रिजेक्शन निघालं तर उपचार आधी त्यावर.

दुसरं, डिल्टियाझेमने रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं. हात थरथरतात का? किडनीवरही ताण येतो. पातळी तपासून घ्या. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

कोठीकर
सकाळी चहाचा कप हलत होता. आम्हाला वाटलं अशक्तपणा.

मांडवीकर
मग ॲमिओडॅरॉन मागा. माझ्या मेहुण्यांना गोळीनेच बरं वाटलं. गोळीने भागत असेल तर आत जाळपोळ कशाला?

निवृत्त सिस्टर
त्यानेही टॅक्रोलिमस वाढतं, दादा. आणि गार पाण्याचा उपाय इथे चालणार नाही. जुनं हृदय काढताना ठोके मंदावणारी व्हेगस नस कापली जाते, म्हणून नवं हृदय स्वस्थ बसल्यावरही ९० ते ११० ने चालतं. कोठीकर, कॅज्युअल्टीत जावं लागलं तर हृदय बदललेलं आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. धडधड थांबवायचं एडेनोसिनचं इंजेक्शन नेहमीच्या मात्रेत दिलं तर असं हृदय जास्त वेळ थांबू शकतं.

चिऊताई
म्हणजे ॲब्लेशन नकोच?

विश्वामित्री
तसं नाही. रिजेक्शन नसेल तर फ्लटरवर तो चांगलाच उपाय आहे. फक्त करणाऱ्याला टाके कुठे आहेत ते माहीत हवं. जुन्या पद्धतीत रुग्णाच्या दोन्ही कर्णिकांचा (वरच्या कप्प्यांचा) मागचा भाग ठेवून त्याला दात्याचं हृदय शिवतात. प्रवाह बऱ्याचदा उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप आणि ती शिवण यांच्यामधल्या पट्टीतून फिरतो, तिथेच जाळून रेघ मारायची. बायकेव्हल पद्धतीत उजव्या बाजूची शिवण महाशिरांपाशी असते. ऑपरेशनच्या कागदात बघा.

जुना बडोदेकर
मुंबईत के.ई.एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ मध्येच हृदय बदललं होतं, पण रुग्ण काही तासच जगला. यशस्वी प्रत्यारोपण १९९४ मध्ये दिल्लीला एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. तुमच्या बाबांनी पाच वर्षं काढली, मोठी गोष्ट आहे. बाहेरची शेव-उसळ देत नाही ना?

विश्वामित्री
काका, ते नंतर. त्यांना आधी फोन करू द्या.

कोठीकर
केला. आजच घेऊन या म्हणाले, बायोप्सीची तयारी ठेवतायत. कागदावर 'बायकेव्हल' लिहिलंय, फोटो पाठवला. एक्स्प्रेसवेने निघतोय. रक्त पातळ करायची गोळी काल सुरू झालीये, आजची देऊ का?

निवृत्त सिस्टर
बायोप्सी आहे, तेव्हा हे त्यांनाच विचारा, निघायच्या आधी. औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या सोबत घ्या.