एकाच कंपनीत राहूनही

'एकाच कंपनीत दहा वर्षं काढली की माणूस गंजतो' असं वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. मी बारा वर्षं एकाच शिक्षण कंपनीत आहे. आधी पुण्यात इंग्रजी शिकवलं, मग जकार्तात शिक्षकांना प्रशिक्षण, आता दुबईत अभ्यासक्रम विभाग.

पुस्तक तेच, वर्ग वेगळा. जकार्तात 'ऋतू'चा धडा होता, फळ्यावर चार चित्रं लावलेली. बर्फाच्या चित्राकडे बघत एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे दोनच, हुजान आणि कमाराऊ. एक पावसाचा, एक कोरडा. मी आमचा हिवाळा सांगितला आणि पुढचा तास त्यातच गेला. पुढे अभ्यासक्रम लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा तोच धडा बदलला.

अर्थात कंपनीचा पसारा तेवढा हवा. ईएफ (एज्युकेशन फर्स्ट) या भाषा शिकवणाऱ्या कंपनीचंच बघा. बर्टिल हुल्ट यांनी १९६५ साली स्वीडनमध्ये सुरुवात केली ती मुलांना भाषा शिकायला इंग्लंडला नेण्यापासून. आज भाषाशाळा, शैक्षणिक सहली, विद्यार्थी-विनिमय, सगळं एकाच छताखाली आहे. अशा ठिकाणी शिकवण्यातून दुसऱ्या खात्यात जाता येतं.

एक मात्र कळकळीने सांगते. परदेशातली शाखा बहुतेक वेळा कायद्याने वेगळी कंपनी असते. बदलीआधी सेवा सलग धरणार का, ग्रॅच्युइटीचं काय, परतलात तर कोणत्या पदावर घेणार, हे लेखी घ्या. मी तोंडी शब्दावर गेले आणि पुण्यातली वर्षं हिशेबात धरलीच गेली नाहीत.