मदत हवी आहे: एका केळ्यात कार्ब्स किती धरायचे? (वेलची केळ्याने घात केला)

आंबटगोड

नमस्कार मंडळी. प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण परवा संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

मुलगा 9 वर्षांचा, टाइप 1 मधुमेह. निदान होऊन दीड वर्ष झालं. प्रत्येक खाण्याआधी कार्ब्स (कर्बोदकं) मोजून इन्सुलिन. डॉक्टरांनी त्याच्यासाठी ठरवून दिलेलं प्रमाण 15 ग्रॅम कार्ब्सना 1 युनिट. पोळी, भात, उसळ आता तोंडपाठ आहे. आमच्या पोळ्या इतक्या एकसारख्या होतात की बाई हेवा करतील.

परवा साडेचारला शाळेतून आल्यावर त्याने केळं मागितलं. मीटरवर रक्तातली साखर 132. अ‍ॅपमध्ये 'केळं, मध्यम, 1 नग' टाकलं, 27 ग्रॅम आले. 27 भागिले 15 म्हणजे 1.8. आमचं पेन अर्ध्या-अर्ध्या युनिटचं, म्हणून 2 दिले. पावणेसहाला सोफ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आई, माझे पाय झोपलेत." कपाळाला हात लावला तर घामाने गार. मीटर 58! डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे ग्लुकोज पाण्यात कालवून दिलं, पंधरा मिनिटांनी 81 आली. ती रात्र मात्र जागून काढली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या टोपलीकडे लक्ष गेलं. सासऱ्यांनी वसईहून वेलची केळी आणली होती. त्यातलंच एक त्याने खाल्लं होतं. बोटाएवढं ते, आणि मी त्याला 'मध्यम' समजून इन्सुलिन दिलं.

तर वेलचीत कार्ब्स किती धरायचे? नेहमीच्या मोठ्या केळ्यात किती? जास्त पिकलेल्यात वाढतात का? डॉक्टरांशी फोनवर बोलले आहे, त्यांचं म्हणणं "वजन करा". पण सालीसकट की सोलून, हे विचारायचं राहूनच गेलं.

---

पोळपाट_लाटणं

सोलून. फक्त गर. मी आहारतज्ज्ञ आहे, टाइप 1 ची मुलं रोज बघते, आणि 'एक केळं' हे माप घरोघरी असंच फसवतं. तुमची चूक मानू नका, अ‍ॅपचीही म्हणता येत नाही. त्यातला आकडा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातला आहे आणि तो बरोबरच आहे, फक्त त्यांच्या केळ्यासाठी. त्यांचं 'मध्यम' म्हणजे 7 ते 8 इंच लांब, आणि सोलल्यावर 118 ग्रॅम भरणारं.

त्याच तक्त्यात 6 इंचांहून आखूड केळ्याचा गर 81 ग्रॅम, कार्ब्स साडेअठरा. 6 ते 7 इंची 101 ग्रॅम, 23 कार्ब्स. 8 ते 9 इंची 136 ग्रॅम, 31. आणि 9 इंचांच्या वरचं 152 ग्रॅम, म्हणजे 35. त्यांचं सर्वांत लहान केळंसुद्धा आपल्या वेलचीच्या जवळपास दुप्पट आहे, बघा. वेलची त्या यादीत बसतच नाही.

म्हणून लांबी, नग, लहान-मोठं सगळं विसरा. 100 ग्रॅम गराला जवळपास 23 ग्रॅम कर्बोदकं, एवढा एकच आकडा फ्रिजवर चिकटवा. गराचं वजन गुणिले 0.23. वेलचीचा गर 45 ग्रॅम निघाला तर 10 ग्रॅमच्या आसपास. तुमच्या प्रमाणाने त्याला पाऊण युनिटसुद्धा लागत नव्हतं.

बाकी डोस किती, कसा गोळाबेरीज करायचा, ते मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. इथे कोणी सांगितलं तरी ऐकू नका, मी सांगितलं तरी.

---

तिखटमीठ_लावून

पण ताई, मधुमेहात केळं मुळात वर्ज्य ना? आमच्या आजोबांना तर केळ्याच्या गाड्याकडे बघायलाही मनाई होती. पेरू द्या की.

---

आंबटगोड

@तिखटमीठ, हे वाक्य मी दीड वर्षात इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तरही पाठ आहे. माझ्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. पेरू खाल्ला तरी द्यावं लागतं, पोळी खाल्ली तरी द्यावं लागतं. त्याच्या वर्गातली मुलं केळं खातात, तोही खाणार. मोजून.

रागावून लिहिलं असेल तर सॉरी. झोप झालेली नाही.

---

टेम्सकाठी

मी स्वतः टाइप 1, चौदाव्या वर्षापासून, सध्या लंडनला. दोन गोष्टी.

एक. तुमचा आकडा कोणत्या देशातून आलाय ते बघा. अमेरिकी तक्त्यात कार्ब्समध्ये तंतू म्हणजे फायबरही धरलेलं असतं. 100 ग्रॅम केळ्यातले 23 म्हणतात त्यात अडीच ग्रॅम फायबर आहे, त्याची रक्तात साखर होत नाही. इथल्या लेबलांवर फायबर वेगळं लिहितात आणि कार्ब्समध्ये मोजत नाहीत, म्हणून इथे त्याच केळ्याला 20 धरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते आहेत, त्यातही फायबर वेगळं काढलंय. शिवाय रोबस्टा, पूवन, लाल अशा जाती वेगवेगळ्या दिल्यात. कोणतीही एक पद्धत घ्या, फक्त आज ही उद्या ती करू नका. एका केळ्यात दोन-तीन ग्रॅमचाच फरक, पण दिवसभराची बेरीज चुकते.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. साडेचार ते पावणेसहा तो काय करत होता? खेळायला गेला होता का?

---

आंबटगोड

अरे देवा. हो. खाली क्रिकेट. परीक्षा संपल्यापासून रोज तासभर. लिहायचं राहिलंच, कारण मी सगळं खापर केळ्यावर फोडून मोकळी झाले होते.

---

टेम्सकाठी

मग एकट्या केळ्याला फाशी देऊ नका :) जादा इन्सुलिन आणि वर तासभर धावपळ, दोन्ही एकत्र आलं. खेळताना स्नायू साखर ओढून घेतात, त्यात रक्तात इन्सुलिन जास्त असलं की शुगर घसरतेच. खेळायच्या दिवशी खाण्याआधीचा डोस कमी करायचा का, किती, हे डॉक्टरांना वेगळं विचारा. मला हे कळायला कॉलेज उजाडलं, तोवर फुटबॉलच्या मैदानावर दोनदा आडवा झालो होतो.

---

केळीवाला_रावेर

ताई, काय सांगू, 'एक केळं' हे माप आमच्याकडे शेतातसुद्धा कोणी वापरत नाही. आम्ही घड मोजतो, फण्या मोजतो, विकतो क्विंटलवर.

तुम्ही बाजारात 'जळगावची केळी' म्हणून घेता ती बहुतेक ग्रँड नैन, आम्ही जी-नाइन म्हणतो. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं. पूर्वी बसराई आणि श्रीमंती होती. आता एकाच घडात बघा, देठाकडच्या पहिल्या-दुसऱ्या फण्यांतली केळी लांब नि भरलेली, शेवटच्या फणीतली त्याच्या अर्ध्यावर. झाड एक, जात एक, तरी हा फरक. चांगला लांब माल निवडून परदेशी जातो, बाकीचा इथल्या बाजाराला. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या गाडीवर कुठली फणी आली हे केळीवालाही सांगू शकणार नाही.

दुसरं, सालीसकट वजन करून हिशेब करू नका हे बरोबर आहे. केळं पिकतं तसं सालीतलं पाणी गरात उतरतं. हिरव्याची साल जाड आणि जड, काळे ठिपके पडलेल्याची कागदासारखी. सालीचं एकच प्रमाण धरलं की चुकलंच.

आणि हो, वसईला राजेळीही मिळते. ती आणलीत तर तो 23 चा हिशेब लावू नका.

---

पोळपाट_लाटणं

केळीवाले दादांनी मुद्द्याचं सांगितलं. राजेळी ही केरळच्या नेंद्रनच्या जातकुळीतली, त्यात पाणी कमी. अमेरिकी तक्त्यात अशा शिजवायच्या केळ्याला 100 ग्रॅमला जवळपास 32 ग्रॅम कार्ब्स दिलेत. तुपावर परतून वर गूळ घातलात तर तो गूळ वेगळा मोजा, हे आपलं सांगून ठेवते.

पिकण्याबद्दल विचारलं होतंत. एकूण कार्ब्स फारसे बदलत नाहीत, त्यांचं रूप बदलतं. हिरव्या केळ्यात बहुतेक पिष्ट, म्हणजे स्टार्च. पिकताना त्याची साखर होते, म्हणून ते गोड लागतं. कच्च्यातला काही स्टार्च लहान आतड्यात पचतही नाही. त्यामुळे हिरवट केळ्याने शुगर सावकाश चढते, ठिपकेवाल्याने लवकर. वजनाचा गुणाकार तोच ठेवा, नंतरचा चढ मात्र वेगळा दिसेल. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून वहीत 'पिवळं', 'ठिपके' असं लिहीत चला.

---

भिजलेली_डाळ

थोडं विषयांतर करते, माफ करा. वडील 71, टाइप 2, आणि आता क्रिएटिनीन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलंय. साखर आटोक्यात आहे म्हणून ते रोज दोन केळी खातात. चालेल?

---

पोळपाट_लाटणं

@डाळ, तुमच्याकडे प्रश्न साखरेपेक्षा पोटॅशियमचा आहे. 100 ग्रॅम गरात जवळपास 360 मिलिग्रॅम. मूत्रपिंड नीट असेल तर चांगलीच गोष्ट, पण ते कमजोर झालं की रक्तात पोटॅशियम साठतं आणि त्याचा त्रास थेट हृदयाला. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम किती आहे ते बघून किडनीचे डॉक्टर सांगतील. तोवर रोजची दोन थांबवा आणि हे आजच विचारा. वेगळा धागा काढलात तर बरं, इथे हरवेल.

---

आंबटगोड

सगळ्यांचे आभार. आज सकाळी स्वयंपाकघरात प्रयोगशाळा मांडली. वजनकाटा पिठासाठी आणलेला, त्यावर वाटी ठेवून शून्य केलं.

वेलची: अख्खं 62 ग्रॅम, सोलून 47. म्हणजे 10.8 कार्ब्स. त्याच फणीतलं टोकाचं एक सोलून 33 भरलं, म्हणजे जेमतेम साडेसात. नंतर कोपऱ्यावरच्या गाडीवरून साधं पिवळं आणलं, अख्खं 205, सोलून 132. तीस कार्ब्स! म्हणजे टोपलीतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या 'एका केळ्या'त चौपट फरक. मी दीड वर्ष दोन्हींना 27 धरत होते. मोठ्या केळ्यांनंतर कधीकधी शुगर वर का राहायची तेही आज कळलं.

सोललेल्या केळ्यांतला काही गर शेवटी शिकरणात गेला. मुलाने विचारलं, "आता याचे किती?" सासूबाई म्हणाल्या, "आधी खाऊ दे रे त्याला." मी म्हटलं, आधी मोजू दे. केळी 118 ग्रॅम, 27 कार्ब्स. दूध एक कप, 200 मिली, साधारण 10. साखर दोन चमचे, तीही सपाट करून काट्यावर, 8 ग्रॅम. एकूण 45, आणि त्याला वाटीभर म्हणजे बरोबर अर्धं दिलं. दोन तासांनी 148. मीटरचा फोटो काढून नवऱ्याला ऑफिसात पाठवला, त्याचं उत्तर आलं, "हे काय आहे?"

आता खरी अडचण डब्याची. शाळेत सोललेलं केळं पाठवलं तर काळं पडतं आणि परत येतं. सालीसकट पाठवायचं तर गर किती ते कसं कळणार?

---

टेम्सकाठी

त्याच फणीतलं एक घरी सोला आणि साल वेगळी तोला. तुमच्या 62 च्या वेलचीत साल 15, म्हणजे पाव भाग. त्या दिवशी त्या फणीपुरतं तेच प्रमाण लावा, दोन दिवसांनी पुन्हा तपासा. मोठ्या केळ्यात साल तिसऱ्या हिश्शाहून जास्त जाते, तुमच्या 205 च्या केळ्यातही 73 गेलीच आहे. अगदी सोन्याच्या काट्याची अचूकता नको, एक-दीड ग्रॅम इकडेतिकडे चालतं. आणि बॉलपेनने सालीवर आकडा लिहा. केळ्याची साल फार छान लिहून घेते. माझी आई लिहायची.

---

केळीवाला_रावेर

डब्याला वेलचीच द्या ताई. लहान आहे, साल पातळ आणि पोरगं सगळं संपवतं. मोठं केळं अर्धं खाऊन टाकून दिलं तर तुमचा हिशेब पुन्हा बोंबलला.

---

आंबटगोड

@केळीवाला_रावेर, हे अगदी खरं. उरलेलं केळं हाच आमच्याकडचा दुसरा घोटाळा, इन्सुलिन घेऊन झाल्यावर "पोट भरलं".

आज डब्यात वेलची दिलं, सालीवर निळ्या पेनने '10'. संध्याकाळी कळलं, मित्राने विचारलं म्हणून याने सांगितलं की हा या केळ्याचा जर्सी नंबर आहे. उद्या 7 नंबरचं हवंय. तेहतीस ग्रॅमवालं शोधावं लागणार.

एक शेवटचं. सासऱ्यांनी सुकेळीही आणलीत, म्हणजे वाळवलेली केळी, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. त्यांचं काय?

---

पोळपाट_लाटणं

त्याला 23 चा हिशेब अजिबात लावू नका. ताज्या केळ्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. सुकेळीतलं बरंचसं पाणी उन्हात गेलं, साखर सगळी जागेवर. 100 ग्रॅम गर वाळून 35 ग्रॅम उरला असेल तर त्या एवढ्याशा तुकड्यात केळ्याचे सगळे कार्ब्स आहेत. आणि पानात बांधलेल्यावर लेबल नसतं, किती वाळवलंय तेही घरोघरी वेगळं. पहिल्यांदा अगदी छोटा तुकडा, खेळायला न जायच्या दिवशी, आणि दोन तासांनी मीटर. डोस आधी डॉक्टरांना विचारून.

---

आंबटगोड

बरं. रविवारी. तोपर्यंत बांधून वरच्या फळीवर ठेवली आहेत, सासऱ्यांपासूनसुद्धा.