उधारीवर निवडणूक : कॅनडाच्या लिबरल पक्षाला हिशेब कोण विचारणार?

किराणावाला_ब्रॅम्प्टन

मंडळी, ४ नोव्हेंबर २०२५ ला ऑटवात पंतप्रधान मार्क कार्नी यांच्या लिबरल सरकारचा पहिला अर्थसंकल्प मांडला गेला. या वर्षाची तूट ७८.३ अब्ज डॉलर. एप्रिलमध्ये मतं मागताना याच पक्षाच्या जाहीरनाम्यात याच वर्षासाठी आकडा छापला होता ६२.३ अब्ज. सात महिन्यांत सोळा अब्ज वाढले. मागच्या आठवड्यात एका कार्यक्रमाला आम्ही वीसेक मराठी माणसं जमलो होतो, ट्रम्पच्या आयात शुल्कावर तासभर बोललो. या सोळा अब्जांचा विषय एकानेही काढला नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधीच सांगतो, मी जन्माचा काँझर्व्हेटिव्ह, म्हणजे विरोधी पक्षाचा, नाही. २०१५ ला जस्टिन ट्रूडोंच्या लिबरल पक्षाला मत दिलं होतं. तेव्हाचं वचन मला आजही तोंडपाठ आहे : पहिली दोन वर्षं तूट दहा अब्जांच्या आत, आणि २०१९ पर्यंत ताळेबंद जुळलेला. मी दुकानदार माणूस. दुकान वाढवायला दोन वर्षं कर्ज काढायचं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फेडायचं, हे मला पटलं होतं. प्रत्यक्षात २०१६-१७ ची तूट अठरा अब्जांच्या आसपास गेली, २०१७-१८ ला एकोणीस. त्या वर्षांत ना महामारी होती, ना मंदी. २०१९ ला ताळेबंद जुळला नाही, आणि मग तर जुळवायची भाषाच बंद झाली. मार्च २०१५ ला केंद्राचं कर्ज ६१२ अब्ज होतं. मार्च २०२४ ला १,२३६ अब्ज. दुपटीहून जास्त.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो आकडा मत मागण्यासाठी दिलेला शब्द होता. सरकारने कधीच कर्ज काढू नये असं मी म्हणत नाही. पण आकडा सांगून मत घ्यायचं आणि निवडून आल्यावर आकडाच बदलायचा, हे माझ्या गिऱ्हाइकाबरोबर मी केलं तर तो पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही.

आता डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो. १४ डिसेंबर २०२४ ते १५ फेब्रुवारी २०२५, दोन महिने जीएसटी माफ. ट्रूडोंचा पक्ष जनमत चाचण्यांत पार तळाला गेलेला होता तेव्हाची ही घोषणा. आमच्याकडे तांदूळ, डाळ, पीठ यांच्यावर एरवीही कर नसतो. चिवडा, शेव, बाकरवडी, मिठाई यांच्यावर केंद्राचा आणि प्रांताचा मिळून तेरा टक्के लागतो. सवलतीत फरसाण आलं, लहान मुलांचे कपडे आले, खेळणी आली. उदबत्ती नाही, साबण नाही, स्टीलची भांडी नाहीत. १३ तारखेच्या रात्री भाचा आणि मी गल्ल्यावरच्या मशीनमध्ये एकेका मालाचा कराचा कोड बदलत दोन वाजेपर्यंत बसलो, आणि फेब्रुवारीत पुन्हा सगळं उलटं केलं. सवलतीच्या पहिल्याच दिवशी एका आजींनी चिवड्याची दोन पाकिटं नेली. त्यांचे वाचले १ डॉलर ३० सेंट. एवढ्यासाठी केंद्राने सुमारे दीड अब्ज सोडून दिले, तेही कर्जाऊ. त्याच घोषणेत कामगारांना २५० डॉलरचा चेकही होता. दीड लाखापर्यंत कमाई असलेल्यालासुद्धा! तो चेक शेवटी निघालाच नाही.

१६ डिसेंबरला अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड यांनी राजीनामा दिला. पत्रात त्यांनी खर्चिक राजकीय क्लृप्त्या टाळायला हव्यात, त्या आपल्याला परवडणाऱ्या नाहीत, असं लिहिलं. हे विरोधकांनी म्हटलेलं नाही, नऊ वर्षं त्या मंत्रिमंडळात बसलेल्या बाईंनी लिहिलंय. त्याच दिवशी कळलं की २०२३-२४ ची तूट ६१.९ अब्ज आहे. त्यांनी स्वतः आखलेली मर्यादा चाळीस अब्जांची होती.

तुमचं काय मत? मतदारांनी आकड्याला शब्द मानायचं की नाही?

ऑटवातून

किराणावाला, तुमचा राग समजतो, पण निम्मीच गोष्ट सांगताय. २०२०-२१ ला एका वर्षात ३२७.७ अब्जांची तूट झाली, ती का झाली हे तुम्ही लिहिलंच नाही. कर्ज दुपटीने वाढलं त्यातला निम्म्याहून जास्त वाटा त्या एका वर्षाचा आहे. मी तेव्हा एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होतो. मार्च २०२० मध्ये सोमवारी कामावर गेलो, मंगळवारी घरी. चार आठवड्यांचे दोन हजार डॉलर सरकारकडून खात्यात जमा व्हायचे, त्यावर भाडं भरलं. ते पैसे आले नसते तर मी आज पुण्यात असतो.

आणि जुलै २०१६ ला सुरू झालेला मुलांचा भत्ता? सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला ६,४०० डॉलरपर्यंत, कमाई जास्त तसा कमी. त्याआधी काँझर्व्हेटिव्ह हार्पर सरकार श्रीमंत-गरीब सगळ्यांना सरसकट वाटत होतं. गरिबीचं प्रमाण २०१५ ला साडेचौदा टक्के होतं, २०२२ ला दहाच्या खाली होतं. तूट झाली म्हणता तेव्हा ती कुणाच्या ताटात गेली हेही बघा.

प्रचाराचं म्हणाल तर जुलै २०१५ आठवा. निवडणुकीला तीन महिने, आणि मुलांच्या भत्त्याचे वाढीव चेक मागच्या महिन्यांच्या थकबाकीसकट एकदम घरोघरी. सरकारी घोषणेच्या कार्यक्रमात मंत्र्यांच्या अंगात पक्षाचं नाव असलेला शर्ट. ते मंत्री कोण? पिएर पॉलिएव्ह, काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे आजचे नेते.

आकडेवाला

@ऑटवातून, महामारीचं वर्ष बाजूला काढा, पूर्ण मान्य. पण २०२३-२४ ला कुठली महामारी होती? त्या वर्षी कर्जावरचं व्याज ४७ अब्ज. त्याच वर्षी केंद्राला मिळालेला जीएसटी ५१ अब्ज. म्हणजे दुकानात बिलावर जो पाच टक्के केंद्राचा कर आपण देतो, तो जवळजवळ सगळा व्याजात जातो. त्यातून एक खाट नाही, एक वर्ग नाही.

शिवाय लिबरल मंडळी सारखी सांगतात की जी-७ मध्ये आपलं निव्वळ कर्ज सगळ्यांत कमी. निव्वळ म्हणजे कर्जातून मालमत्ता वजा. त्या मालमत्तेत आपल्या पेन्शन फंडाचे पैसेही धरलेत. ती तुमची-माझी म्हातारपणाची पुंजी आहे, सरकारने ती व्याजासाठी मोडायची नाहीये. मग ती वजा करून फुशारकी कशाला?

ऑटवातून

मुद्दा बरोबर आहे, निव्वळ कर्जाची तुलना मीही करत नाही. पण व्याजाचं प्रमाण बघा. नव्वदच्या दशकात जमा होणाऱ्या प्रत्येक डॉलरमागे पस्तीस सेंटहून जास्त व्याजात जात होते. २०२३-२४ ला दहा. त्याला दिवाळखोरी म्हणता येत नाही.

किराणावाला_ब्रॅम्प्टन

दिवाळखोरी मी म्हटलंच नाही, वर वाचा. आणि नव्वदचं उदाहरण तुम्ही काढलंत हे बरं झालं. पस्तीसवरून खाली कुणी आणलं? लिबरलांनीच. १९९५ चा तेव्हाचे अर्थमंत्री पॉल मार्टिन यांचा अर्थसंकल्प. खर्चाला कात्री लावली, खात्यांची बजेटं कापली, हजारो सरकारी नोकऱ्या गेल्या, आणि १९९७-९८ पासून अकरा वर्षं सलग शिल्लक. त्यानंतर ते पुन्हा निवडूनही आले. मला तो लिबरल पक्ष परत हवाय. पॉलिएव्ह पंतप्रधान झाले नाहीत तरी चालेल, हे अगदी मनापासून सांगतो.

रात्रपाळी

१९९५ चं कौतुक वाचून राहवलं नाही, एरवी मी इथे लिहीत नाही.

मी तेव्हा ओंटारियोत नर्स होते. केंद्राने प्रांतांना देण्याच्या पैशात कपात केली, प्रांतात त्या वेळी काँझर्व्हेटिव्ह सरकार होतं, त्यांनी त्यावर आणखी कपात केली. इस्पितळं बंद झाली, काही एकमेकांत विलीन झाली. माझ्या वॉर्डात रात्रीला पाच जणी असायच्या, त्या तीन झाल्या. माझ्या बरोबरीच्या चौघी अमेरिकेत गेल्या, त्यांतली एकच परत आली. पुढे कित्येक वर्षं नर्स मिळत नाहीत म्हणून सरकारच रडत होतं. कागदावर शिल्लक दिसत होती ती आमच्या पाठीवर होती. एका पेशंटला कूस बदलायला दोघी लागतात, तिथे एकटीने उचललंय.

भाऊ, तुम्ही आकडा म्हणजे शब्द म्हणता. पटतं. पण त्या काळात पेशंटला दिलेल्या शब्दाचं काय झालं?

किराणावाला_ब्रॅम्प्टन

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझ्याकडे याला झटकन द्यावं असं उत्तर नाही. कपात कुठे करायची हा प्रश्न मी सोपा समजत होतो.

तरी एक म्हणेन. १९९५ ला एवढी मोठी कात्री लागली, कारण त्याआधी वीसेक वर्षं दोन्ही पक्षांनी उधारी साठवली होती. मला भीती तीच आहे. आज चिवड्यावरचा कर माफ करायला कर्ज काढलं, तर उद्या त्याचं व्याज तुमच्यासारख्या वॉर्डातूनच वसूल होणार. दीड अब्जांत किती नर्सचे पगार निघाले असते, ते तुम्हीच सांगा.

रात्रपाळी

चिवड्याच्या बाबतीत मी तुमच्याबरोबर आहे. ते पैसे वाया गेले.

मंत्रालयातून_निवृत्त

मी मुंबईत, मुलगी कॅलगरीला. अर्थखात्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस म्हणून एक सांगतो. कार्नी यांनी या अर्थसंकल्पात चालू खर्च आणि भांडवली खर्च वेगळा दाखवला, आणि २०२८-२९ पर्यंत चालू खर्चापुरता ताळेबंद जुळवू म्हटलंय. आपल्याकडे हे जुनंच आहे. महसुली तूट वेगळी, राजकोषीय तूट वेगळी. पगार आणि अनुदानासाठी कर्ज काढणं वाईट, पूल बांधायला काढणं क्षम्य. विभागणी योग्यच आहे. सगळा घोळ होतो तो कशाला भांडवली म्हणायचं यावर. आमच्याकडे एखादी फाइल या शीर्षाखालून त्या शीर्षाखाली ढकलण्यासाठी आठवडाभर टिपणं फिरायची.

आकडेवाला

नेमकं हेच, काका. इथे कंपन्यांना दिलेल्या करसवलतीसुद्धा भांडवली गुंतवणुकीत धरल्यात. संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्यानेही ही व्याख्या फार सैल असल्याचं म्हटलंय. पूल दाखवता येतो. करसवलत कुठे जाऊन बघायची?

सांगलीकर

तिकडचं तिकडे, पण आमच्याकडे २०२४ ला लाडकी बहीण आली. जुलैपासून महिना दीड हजार, नोव्हेंबरात मतदान. वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद. आणि ते सरकार काही लिबरल नव्हतं. माझ्या काकूला पैसे मिळतात, ती त्यातून गोळ्या घेते, त्यामुळे मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पण मग हा लिबरलांचा दोष कसा? हा तर निवडणुकीचा दोष झाला.

ऑटवातून

सांगलीकरांशी सहमत. लांब कशाला जायचं, ओंटारियोतच बघा. प्रांताचे मुख्यमंत्री डग फोर्ड, प्रोग्रेसिव्ह काँझर्व्हेटिव्ह. २०२२ ला मार्चमध्ये गाडीच्या नंबरप्लेटच्या स्टिकरची फी रद्द केली, वर आधी भरलेली परत केली. जूनमध्ये निवडणूक. २०२५ च्या सुरुवातीला प्रत्येकाला दोनशे डॉलरचा चेक, २७ फेब्रुवारीला मतदान. सुमारे तीन अब्जांचा खर्च, आणि प्रांताच्या खात्यात तेव्हा तूटच होती.

आणखी एक. केंद्राच्या २०२५ च्या निवडणुकीत काँझर्व्हेटिव्ह पक्षाचा आकड्यांसकट जाहीरनामा २२ एप्रिलला आला. तोवर आगाऊ मतदान संपलं होतं, त्र्याहत्तर लाख लोकांनी मत देऊन टाकलं होतं. त्यांच्याही कागदावर पहिल्या वर्षाची तूट एकतीस अब्जांची होती. आकड्याला शब्द म्हणता ना, मग तो मतदानाच्या आधी तरी द्यायला नको का?

किराणावाला_ब्रॅम्प्टन

द्यायला हवा होता. उशिरा दिला ही चूकच, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. लिबरलांचाही १९ एप्रिलला आला, म्हणजे आगाऊ मतदान सुरू झाल्यावर. माझ्या मते मतदान उघडण्याआधी आठवडाभर तरी प्रत्येक पक्षाने खर्चाचा तक्ता द्यायलाच हवा, असा कायदा व्हावा. अर्थसंकल्प अधिकारी पक्षांच्या घोषणांचा खर्च काढून देतो, ती सोय २०१९ पासून आहे. पण ती ऐच्छिक आहे, तिथेच गोची आहे.

सांगलीकर, लिबरलांवर जास्त बोट ठेवतो कारण दहा वर्षं तिजोरी त्यांच्या हातात आहे. आणि वचन त्यांनी मला दिलं होतं, मी मत त्यांना दिलं होतं.

कॅम्पसवरून

एक प्रश्न. एप्रिल २०२५ ला ग्राहकांवरचा कार्बन कर शून्यावर आणला, तरी २२ एप्रिलला परतावा आला आणि २८ ला मतदान. हेही त्याच यादीत धरता का?

ऑटवातून

तो दर तीन महिन्यांनी येणारा हप्ता होता, निवडणुकीसाठी काढलेला नव्हता. एप्रिलचा हप्ता एप्रिलमध्येच यायचा.

किराणावाला_ब्रॅम्प्टन

तारीख नेहमीची, हे खरं. म्हणून मी तो मूळ लेखात घेतला नाही. पण कर १ तारखेलाच गेला होता, मग पुढच्या तीन महिन्यांचा परतावा कुठल्या कराचा? तो आला कर्जातून.

ऑटवातून

बरं, मग सरळ विचारतो. फोर्डचा दोनशेचा चेक तुम्ही काय केलात?

किराणावाला_ब्रॅम्प्टन

घरात चार चेक आले, चारही बँकेत भरले. त्या महिन्यात दुकानाचा डीप फ्रीझर बिघडला होता, ते आठशे तिथेच गेले. भरताना बरं वाटलं नाही. आमच्या आमदाराला मी पत्र लिहिलं, की तूट असताना हे पैसे कुठून आणलेत ते कळवा. दीड महिन्याने छापील उत्तर आलं. माझ्या प्रश्नाचा त्यात उल्लेख नव्हता. आता तेच पत्र आकडे बदलून आमच्या लिबरल खासदाराला पाठवलंय, सोळा अब्जांबद्दल. उत्तर आलं की इथे टाकतो.